मशीनचा चिरका आवाज

प्रिय निकिता,

चांदवडला माहेरी तुझी आणि बाळीची तब्येत छान आहे, असं तुझा नवरा शेखर सांगतो. तुझ्या सासूबाईंनी डिंकाचे लाडू केलेत, रविवारी तो घेऊन येईल. डब्यात दोन कमी दिसले तर त्याला बोलू नकोस, ते मी खाल्लेत.

तुझा फोन आला की मी लगेच त्याच्याकडे देतो, म्हणून नाना अजून रागावलेत असं तुला वाटतं, हेही त्यानंच सांगितलं. अगं, रागवायचं तर तू माझ्यावर रागवायला हवंस.

आषाढात सहादू पेठहून आपल्या दुकानात चेनसॉ दुरुस्तीला घेऊन आला होता, आठवतं? रस्त्यात पडलेली झाडं कापायचं काम त्याच्याकडे होतं. मी कार्बोरेटर साफ केला, मशीन फुल रेस केलं आणि नेहमीसारखा आवाजाच्या अंदाजानं पेट्रोलचा स्क्रू फिरवत बसलो. मला वाटलं, काय गुळगुळीत वाजतंय! तू मागं कपडे वाळत घालत होतीस. ओल्या हातानं तशीच आलीस आणि म्हणालीस, "नाना, चिरकतंय ते. पेट्रोल कमी पडतंय." रिकाम्या रेसला थोडी घरघर राहिलीच पाहिजे, लाकडात घातलं की ती जाते, हे मीच कधीतरी चहा पिताना तुला सांगितलं होतं. तू ते ध्यानात ठेवलंस. आणि मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "तू कपडे बघ, मशीन मला कळतं." त्यानंतर तू दुकानात पाऊल टाकलं नाहीस.

तिसऱ्या दिवशी मशीनचा पिस्टन जाम झाला म्हणून सहादू परत आला. मी त्यालाच झापलं, पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलंस म्हणून. बिचारा माझीच माफी मागून गेला. तू दारात उभी होतीस.

तू माहेरी गेल्यावर तुझ्या सासूबाईंनी मला ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. जाड आवाज ठीक, बारीक आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाले. तीस वर्षं मशीनजवळ उघडे कान ठेवले, दुसरं काय होणार! तुझा आवाजही बारीक, फोनवर ओठ दिसत नाहीत, काहीच उमगत नाही. ते सांगायची लाज वाटायची, म्हणून फोन शेखरकडे.

परवा एसटीनं पेठला गेलो. चूक माझी होती, असं सहादूला त्याच्या बायकोदेखत सांगितलं आणि त्याच्याच ओट्यावर बसून नवा पिस्टन बसवून दिला. तो हसला. म्हणाला, "वहिनी तवाच बोलली व्हती ना, नाना."

आता पत्र लिहायचं खरं कारण. कानाला यंत्र लावून तुझं बोलणं मला ऐकू येईल, पण मशीनमधला बारकावा त्यातून कळत नाही. बाळी जरा मोठी झाली की दुकानात माझ्यासोबत बसशील का? खोलणं-जोडणं माझं, सेटिंग तुझं. सेटिंग झालं की लगेच कान झाकायचे, तेवढं मात्र माझं ऐकायचं. नाही म्हणालीस तरी तू माझी लाडकीच. पण सहादूकडं आणखी दोन मशीनं आहेत आणि वहिनी बसणार असली तरच आणतो म्हणतोय. त्याला काय कळवू?

तुझाच,
नाना