वरचा तुकडा

१२ जानेवारी
चहा ओतताना विनी म्हणाली, "जेम, रानाचा वरचा तुकडा यंदा तरी तोडणार ना?" म्हटलं, पाऊस आहे. पाऊस नव्हता. बायकोला सगळं दिसतं.

१३ जानेवारी
तिचं काही चुकत नाही. हेझलचं झाड दर आठ-दहा वर्षांनी बुंध्याशी तोडावं लागतं, मग त्याच खुंटातून नवे फुटवे येतात. आजोबांच्या आधीपासून हेच खुंट जगत आलेत. तोडलं नाही तर एकमेकांच्या सावलीत गुदमरतात.
पण तो तुकडा शेवटचा नेलने तोडला. तिथली एकेक फांदी माझ्या लेकीच्या कोयत्यानंतर फुटलेली. पुढे दोन वर्षांनी रस्त्यावर बर्फ साचलं होतं, गाडी घसरली — आणि पोरगी गेली. मी नाही तोडणार. कुणी काही म्हणो.

२६ जानेवारी
गुडघा सुजलाय. विनीने हेस्टिंग्जच्या बाजारातून काठी आणली. मी ती दारामागे ठेवून दिली. जन्म रानात गेला, आणि विकतची काठी!

३ फेब्रुवारी
लंगडत वर जाऊन आलो. दोन खुंट मेलेत, साल नुसत्या हाताने निघते. नेल रविवारीही चर्च चुकवून इथे यायची. एकटी काय करतेस गं, विचारलं तर — "तुला काय करायचंय, म्हाताऱ्या?"
म्हाताऱ्या म्हणणारं आता कुणी नाही. सहन होत नाही.

४ फेब्रुवारी
विनीला खुंटांचं सांगितलं. बराच वेळ भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "पोर गेली, ते आपल्या हातात नव्हतं. हे आहे."

११ फेब्रुवारी
तोडतोय. विनी मोळ्या बांधतेय. एकदा ती झाडाआड जाऊन रडून आली, मी न बघितल्यासारखं केलं.

१२ फेब्रुवारी
मधल्या खुंटावर एक फांदी निघाली, रानवेलीने आवळलेली. वेल आवळत जाते तशी फांदी पिळदार वाढते. असल्या काठीसाठी इकडचे म्हातारे जीव टाकतात. पण ही वेल आपोआप चढलेली नाही. खाली निळ्या सुतळीची गाठ आहे, सालीत रुतलेली. उलटी गाठ. नेल डावखुरी होती.
ही गाठ मारली तेव्हा माझा गुडघा नुकता दुखायला लागला होता. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.