पट्ट्यांच्या कॉन्टेसाचे काय करायचे

मी, सत्यभामाबाई पंजाबराव मापारी, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे अडुसष्ट आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे सत्तर, धंदा शेती व लग्नाची गाडी भाड्याने देणे, राहणार लोणार रोड, मेहकर, जिल्हा बुलढाणा, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कोणी सांगितले म्हणून किंवा धाक घातला म्हणून लिहीत नाही. माझी शुद्ध व स्मरण ठीक आहे. डॉ. तुळशीराम वायाळ यांनी आज सकाळी मला तपासले. त्यांनी वार विचारला, तो मी सांगितला, आणि वर त्यांच्या लग्नाची तारीखही सांगितली, कारण ते आमच्याच गाडीतून मारुतीच्या दर्शनाला गेले होते. त्यांना स्वतःला ती आठवत नव्हती. तेव्हा तपासणी कोणाची करायला हवी होती ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

वकीलसाहेबांनी टाइप केलेला नमुना दिला होता. त्यात रिकाम्या जागा फारच थोड्या होत्या, म्हणून मी वही घेतली आहे.

कलम १. सन २०२२ मध्ये माझा मोठा मुलगा भागवत याने एक मृत्युपत्र करून आणले होते व मी त्यावर सही केली होती. ते मी आज रद्द करते. भागवतने मला फसवले असे कोणी समजू नये. धाकटा हर्षल २०२१ च्या साथीत गेला, त्यानंतर वर्षभर माझ्यापुढे जो कागद येई त्यावर मी सही करत होते. गॅसच्या पावतीवर केली तशीच त्या कागदावर केली.

कलम २. राहत्या घरापैकी मागच्या तीन खोल्या भागवतला. पुढच्या दोन खोल्या, ओटा व गाडीची शेड माझी नात योगिनी हिला. ती हर्षल व माझी धाकटी सून राखी यांची मुलगी असून आज सात वर्षांची आहे. शेत भागवतला. तो पुण्याला नोकरी करतो, पण सोयाबीन काढायला रजा टाकून येतो आणि हाताला फोड येईपर्यंत काम करतो, हे मी पाहिले आहे.

कलम ३. बँकेतील ठेवी भागवत व योगिनी यांना सारख्या. आकडा इथे लिहीत नाही. लिहिला की लोक तोच वाचत बसतात.

कलम ४. माझी गळ्यातली एकदाणी योगिनीला, हातातले गोठ भागवतची बायको सारिका हिला. सारिका माझ्याशी कमी बोलते, पण माझ्या चष्म्याचा नंबर तिला पाठ आहे. राखीचे दागिने तिला लग्नातच दिले आहेत.

इथे एका जुन्या रागाचीही व्यवस्था लावते. सन १९९४ साली कापसाला बरा भाव आला तेव्हा मी आमच्या यजमानांकडे न्हाणीघर मागितले होते. पंजाबराव खामगावला गेले आणि तिथल्या एका जिनिंगवाल्याची जुनी कॉन्टेसा गाडी घेऊन आले. मी अंगणात उभी होते. ते खाली उतरून म्हणाले, "पाय तं खरी, कशी लांबलचक हाय!" न्हाणीघर त्यानंतर सहा वर्षांनी झाले. हा राग ते गेले तेव्हा मी त्यांच्यासोबत जाऊ दिला नाही. तो माझ्याजवळच आहे आणि कोणालाही वारसाने देत नाही.

कलम ५. सदर गाडी, म्हणजे कॉन्टेसा, रंग गर्द निळा, बॉनेटवरून मागच्या डिकीपर्यंत दोन पांढरे पट्टे, रंगबदल आर.सी. बुकात नोंदवलेला, ही राखीला द्यावी.

भागवतला हे पटणार नाही, म्हणून कारण लिहिते.

यजमान वारल्यावर गाडी पाच वर्षे लिंबाखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. हर्षलचे तेव्हा बसस्टँडजवळ गॅरेज होते. एके दिवशी त्याने मोबाइलवर मला अमेरिकेतल्या जुन्या गाड्या दाखवल्या. लांब तोंड, रुंद चाके, अंगावर पट्टे. त्यांना मसल कार म्हणतात. गाडीलाही दंड-बेटकुळ्या असतात हे मला साठीला आल्यावर कळले. "आई, आपल्या गाडीचं हाडपेर असंच हाय, फक्त तिले जेवू घालाव लागते," असे म्हणून त्याने दोन वर्षे तिला जेवू घातले. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, सगळे कुठून कुठून आणले. पट्टे मात्र स्वतःच्या हाताने मारले. डावा पट्टा टोकाला करंगळीभर जास्त रुंद आहे, कारण तेव्हाच योगिनी झाल्याचा फोन आला.

पहिल्या लग्नाला गाडी मेहकरच्या बाजारातून निघाली तेव्हा पारावरची माणसे उठून उभी राहिली. मी हर्षलला विचारले, लोकांच्या दारात लाखांच्या नव्या गाड्या आहेत, मग नवरदेवाला हीच कशाला हवी? तो म्हणाला, "नवी गाडी पाह्यली का लोकं किंमत इचारतात. ही पाह्यली का हासतात." माझ्या मते या गाडीबद्दल याहून जास्त कोणाला काही सांगता येणार नाही.

राखी त्याच्या शेजारी बसून गाडी शिकली. तो गेल्यावर तिने तीन महिने शेडचे दार उघडले नाही. चौथ्या महिन्यात उघडले, बॅटरी बसवली आणि मला म्हणाली, "आत्याबाई, वहीत तारखा लिवत जा, गाडी मी चालवतो." लग्नाची गाडी आणि चालवणारी विधवा. लोक काय म्हणाले ते लिहिले तर वही पुरणार नाही. एकच लिहिते.

सोनाळ्याला एका लग्नात नवरदेवाच्या बापाने राखीकडून किल्ली मागून घेतली. "बाई, राग नका मानू, पन नवरदेवाची गाडी तुमच्या हातानं नाई चालत." राखीने किल्ली दिली आणि एका घराच्या ओट्यावर जाऊन बसली. त्यांचा एक पुतण्या चालवायला बसला. आता त्या गाडीचा दुसरा गिअर हर्षलने बसवलेला. दांडा आधी जरा आपल्याकडे ओढून, मग खाली घ्यावा लागतो. पुतण्याने दांड्याशी कुस्ती केली आणि गाडी भर चौकात आडवी बंद पडली. बँडवाल्यांनी एकच गाणे चार वेळा वाजवले. नवरदेवाचा फेटा घामाने उतरायला लागला. तेव्हा नवरदेवाची आजी सोजराबाई काठी टेकत पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "थे पोरगी कुठी गेली? बलवा तिले! तिचा हात लागून काय होते थे माहीत नाई, तिचा हात नाई लागला तं काय होते थे तं पाह्यलं ना?" राखी आली, बसली आणि गाडी निघाली. सोजराबाईने लग्न लागल्यावर राखीची ओटी भरली. विधवेची ओटी, भरल्या मांडवात. ते खण-नारळ राखीने घरी आणून माझ्यापुढे ठेवले आणि आम्ही दोघी खूप रडलो.

नवरदेवाच्या बापाने आजपर्यंत माफी मागितलेली नाही. त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला गाडी मागायला ते येतील. द्यायची की नाही ते राखीने बघावे. मी असते तर दिली असती, किल्लीही त्यांच्याच हातात दिली असती आणि दुसऱ्या गिअरबद्दल चकार शब्द काढला नसता.

आता भागवतचे म्हणणे. तो म्हणतो, "आई, मोठमोठ्या कंपन्या आता नव्या गाड्यायले जुनं तोंड लावून इकून राह्यल्या. लोकायले इंजन नवं पायजे अन् थाट जुना पायजे. आपल्याकडं तं थाट अस्सल हाय. लग्नात दामटून काऊन तिची किंमत कमी करतं? दहा वर्सं झाकून ठेव, मंग पाय." त्याने पुण्याहून एका जुन्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांनाही आणले होते. त्यांनी बॉनेटवर बोट वाजवले आणि सांगितले, गाडीला पुढे चांगले दिवस आहेत, पण हे पट्टे व चाके म्हणजे लोकल काम आहे. ते काढून कंपनीचा मूळ क्रीम रंग द्या, मग बोलू. मी त्यांना चहा दिला. दुसऱ्या कपाचा आग्रह केला नाही.

भागवत चुकतो असे मी म्हणत नाही. दहा वर्षांनी गाडीला काय किंमत येईल ते त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. आणि मलाही मोह झाला होता. गेल्या आठवड्यात मी या कलमाखाली अटी लिहिल्या होत्या. गाडी विकू नये. पट्टे पुसू नयेत. योगिनीचे आडनाव मापारीच ठेवावे. राखीने याच घरात राहावे. चार अटी झाल्यावर मी पेन खाली ठेवले, कारण गाडीसोबत मी राखीलाही ताडपत्री घालायला निघाले होते. चारही अटी मी खोडल्या आहेत. खाडाखोडीवर सही केली आहे.

कलम ६. लोणारचे राजकुमार तेजनकर हे लग्नाच्या गाड्यांना फुले लावतात. बाकीचे फुलवाले चिकटपट्टी लावतात आणि ती काढताना रंगाचे पोपडे निघतात. राजकुमारने पहिल्या दिवसापासून आमच्या गाडीला एकही चिकटपट्टी लावलेली नाही. तो सगळी फुले दोऱ्याने बांधतो, त्याला दुप्पट वेळ लागतो. मी एकदा विचारले तर म्हणाला, "मावशी, हे पट्टे कोनाच्या हातचे हायत थे मले माहीत हाय."

दिवाळीच्या आधी तो घरी आला. पाणीही न पिता बोलला. "मावशी, राखीले मी काही इचारलं नाई. पयले तुमाले इचारतो. तुमी नाई म्हनसान तं मी फुलं तशीच बांधत राहीन, पुन्हा हा विषय काढनार नाई." त्याची बायको सहा वर्षांपूर्वी वारली. योगिनी त्याच्या खांद्यावर बसून झेंडूच्या माळा लावते.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी राखीला सांगितले. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुमी हाय तवर नाई, आत्याबाई." तिने तो नको असे म्हटले नाही. तिच्या तोंडाकडे पाहून मला कळायचे ते कळले.

तिने ते मायेने म्हटले होते. पण कलम पाच लिहून वाचायला घेतले तेव्हा मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. गाडी मी मेल्यावर तिची होणार. लग्न ती मी मेल्यावर करणार. म्हणजे माझे मरण हा माझ्या सुनेच्या लग्नाचा मुहूर्त झाला. माझ्या आईला नव्वद वर्षे आयुष्य होते. राखी आज बत्तीसची आहे. हर्षलच्या बायकोला मी माझ्या तिरडीची वाट पाहायला लावणार नाही.

कलम ७. सबब कलम पाच मधील गाडी या मृत्युपत्रातून वगळण्यात येत आहे. ती माझ्या मालमत्तेत राहिलेली नाही. बुलढाण्याच्या आर.टी.ओ.तले नाव बदलायचे फॉर्म मी आज सकाळी सही करून तयार ठेवले आहेत. गाडी, किल्ल्या, हर्षलचे पाने व जॅक मी राखीला जिवंतपणी, राजीखुशीने, कोणत्याही अटीशिवाय दिले आहेत. तिने ती ठेवावी, विकावी, हवा तो रंग द्यावा. भागवतने यावर हरकत घेऊ नये. तो घेणार नाही, म्हणून या मृत्युपत्राचा व्यवस्थापक मी त्यालाच नेमते.

राखी विचारील, मग तुम्हाला कोण पाहील? तर मेहकर ते लोणार अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. शेजारच्या बेबीताई रात्री सोबतीला झोपायला येणार आहेत. मला कमी-जास्त वाटले तर त्या फोन करतील आणि राखी येईल. ती गाडी चालवते, गाडी तिची आहे, तिला कोणाला विचारावे लागणार नाही. जाता यावे आणि येता यावे म्हणूनच ती आज दिली आहे.

हर्षल माझा मुलगा होता. राखीही माझीच आहे. मी मेल्यावर तिला मिळेल असे माझ्याजवळ आता काहीही शिल्लक नाही. तिने थांबू नये.

वर लिहिलेले मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले व बरोबर आहे म्हणून सही करते.

(सही) सत्यभामाबाई पंजाबराव मापारी

साक्षीदार:
आम्ही खाली सही करणारे सांगतो की सत्यभामाबाईंनी आमच्या समक्ष या मृत्युपत्रावर सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली. सही करताना त्या रडत होत्या. शुद्धीवर पूर्ण होत्या.

१) (सही) डॉ. तुळशीराम वायाळ, मेहकर
२) (सही) धम्मशीला गवई, निवृत्त परिचारिका, लोणार रोड, मेहकर

ठिकाण: मेहकर, जिल्हा बुलढाणा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार