टॉलस खाडीच्या चौकीवरील रायफली परत न करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
किनारा संरक्षण स्वयंसेवक विभाग,
व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया.

विषय : रायफली परत करण्यास नकार.
संदर्भ : कोठाराचे कुलूप तोडून सरकारी शस्त्रे नेल्याबद्दल आलेली आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार टॉलस खाडीत लाकूडतोड करतो. जपानी फौज किनाऱ्यावर उतरेल या धास्तीने उभारलेल्या स्वयंसेवक दलात तो प्रथमपासून आहे. गेल्या वसंतात सरकारने आमच्यासाठी लिव्हर ओढून गोळी चढवायच्या आखूड रायफली बोटीने पाठवल्या. आमची हयात असल्याच बंदुकीवर शिकार करण्यात गेलेली. तरी आमच्या दलाचे प्रमुख कॅप्टन डनमोर यांनी पेट्या स्वतःच्या मासळी कारखान्याच्या कोठारात कोंडल्या. आम्ही कवायत केली ती कुऱ्हाडीच्या दांड्यांवर.

२. शरदात कॅप्टनसाहेबांकडे पाहुणे आले. तेव्हा कोठार उघडले. पाहुण्यांनी सरकारी काडतुसांनी चौकीखालच्या कुरणात रानबकऱ्यांचा कळपच्या कळप आडवा केला, शिंगे कापून नेली आणि धडे तिथेच टाकली. अर्जदार नाजूक माणूस नाही. पण तो दर्प चौकीपर्यंत चढे आणि तोंडातला घास बाहेर येई. पाठोपाठ करडी अस्वले आली.

३. याच खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींपैकी एलायजा वॉकस हा आमचा सोबती. पहाऱ्यावर जाण्यापूर्वी त्याने अर्जदारादेखत विनवले, "साहेब, एक तरी रायफल द्या. वाटेवर अस्वलं आहेत."

कॅप्टनसाहेब हसले. "अस्वल काय जपानी आहे? सरकारी गोळी शत्रूसाठी असते, एलायजा."

"मग बकऱ्या कुणाच्या बाजूनं लढत होत्या, साहेब?"

उद्धटपणाबद्दल त्याला लागोपाठ दुसरा पहारा लावण्यात आला.

४. सकाळी अर्जदार त्याचा पहारा बदलायला गेला, तेव्हा तो वाटेत पडलेला आढळला. अस्वलाने उजवा हात कोपरापासून चावून नेला होता. तो एवढेच म्हणाला, "इंगवाल्ड, आता लिव्हर कशानं ओढू रे?" अहवालात मात्र कॅप्टनसाहेबांनी "स्वयंसेवकाचा निष्काळजीपणा" असे लिहिले. त्याच टपालाने त्यांनी खर्ची पडलेल्या काडतुसांबद्दल "नेमबाजीचा उत्तम सराव" म्हणून दलासाठी प्रशस्तिपत्र मागितले. ते मंजूरही झाले. अर्जदाराने स्वतःला मिळालेली प्रत कुरणात नेऊन टाकली. तिची योग्य जागा तीच वाटली.

५. त्यानंतर अर्जदाराने कुऱ्हाडीने कुलूप तोडले आणि रायफली पहारेकऱ्यांना वाटल्या. नोटिशीतील आरोप खरा आहे. माफी मागायची नाही. मागणी एकच : एलायजाच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा खोडावा.

६. मला अटक करायची तर खुशाल माणूस पाठवा. मात्र बोटीतून उतरल्यावर त्याने कारखान्यात चहा घेत बसू नये. आधी कुरणातून चालत चौकीवर यावे. आणि येताना नाकाला रुमाल लावू नये.

आपल्या हुकमातला, पण हा हुकूम न मानणारा,
इंगवाल्ड ब्रेक्के
टॉलस खाडी, २ नोव्हेंबर १९४२

सोबत : एलायजा वॉकस याच्या हाताबाबत डॉक्टरांचा दाखला.