कापलेलं घोंगडं

प्रिय धैर्यशील,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. म्हैस व्यालीय, रेडी झालीय, दूध चांगलं देते. फोन असताना आई कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. तर बाबा, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडलं की 'आई, तुला यातलं कळत न्हाई' हे तुझं सुरू होतं, आणि मला काय कळतंय ते सांगेपर्यंत तुझ्याकडची रेंज जाते. कागदावर मला कोण अडवणार? शेजारच्या बनुबाईची रेश्मा या पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवणार आहे. वाचू नकोस असं तिला बजावलंय, पण ती वाचणार. वाचू दे, तिचंही लग्नाचं वय झालंय.

विषय तुला माहीत आहे, तुझ्या बायकोची नोकरी. संयोगिता एसटीत कंडक्टर झाली तेव्हा तूच तिकडं पलटणीत पेढे वाटलेस. मग मार्गशीर्षात ती एकदा मोटारसायकलवरून पडली आणि तुझं सगळं फिरलं. संक्रांतीपर्यंत नोकरी सोड, मोटारसायकल उदयसिंहाला देऊन टाक, दोस्त आहे, नीट वापरेल, असा हुकूम तू तिकडून सोडलास. तुझ्यासमोर ती कधीच काही बोलत नाही. आता संक्रांत तोंडावर आली, म्हणून म्हटलं, या हुकमानंतर घरात काय काय झालं ते साहेबांच्या कानावर घालावं.

आधी त्या पडण्याचंच सांगते, कारण तुला ते अर्धंच कळलंय. विट्याच्या डेपोतून सकाळी सहाला सुटणारी सांगली गाडी तिच्याकडं आहे. त्या वेळेला आपल्या गावातून डेपोत जायला काय मिळणार? जिनं पहिली एसटी सोडायची तिला कुठली एसटी? म्हणून तुझी मोटारसायकल. त्या दिवशी औंधच्या बाजूनं असं वारं सुटलं होतं की गोठ्यात म्हैससुद्धा अंग चोरून उभी होती. ओढ्याच्या उतारावर तिची बोटं आखडली, ब्रेक दाबता येईना, आणि पुढं उसाची ट्रॉली, मागं दिवा न्हाई काय न्हाई. तिनं मोटारसायकल शहाण्यासारखी कडेच्या पाचटात घातली. कोपर सोललं. उठली, मोटारसायकल उभी केली, ओढणी कोपराला गुंडाळली आणि डेपोत गेली. सांगली गाडी वेळेवर सुटली. हे तिनं तुला सांगितलं नाही, नुसता कोपराचा फोटो पाठवला, आणि तू तेवढाच बघितलास.

मी मात्र बसून विचार केला. पोरगी पडली ती नोकरीमुळं न्हाई, बोटं गारठली म्हणून पडली. मग बंदोबस्त नोकरीचा करायचा का थंडीचा? तुझी जुनी जर्सी आणि वर जर्किन घालून ती जायची. मी तिला विचारलं, वारं शिरतं कुठून? म्हणाली, आत्या, जर्किनच्या चेनमधनं शिरतं, छातीवर सुरी फिरवल्यागत वाटतं. मग गुडघे, मग बोटं. डेपोतली माणसं छातीवर वर्तमानपत्र घालतात, तेही तिनं करून बघितलं. विट्यापर्यंत कागदाचा चुरा होतो आणि दिवसभर सदऱ्यातून तुकडे पडतात.

माझ्या माहेरचं, म्हसवडचं घोंगडं तुला आठवतंय ना? तुझ्या मामानं सिद्धनाथाच्या यात्रेत माझ्यासाठी घेतलेलं, काळंभोर, चिंचोक्याची खळ दिलेलं, असं कडक की उभं केलं तर उभं राहील. ते मी पेटीतनं काढलं आणि कातर लावली. संयोगितानं माझा हात धरला, घोंगडं कापत नसतात आत्या, म्हणाली. बनुबाई कुंपणावरनं बघत होती, तिनं तर कपाळावर हात मारून घेतला आणि गावभर माझ्याबद्दल सांगून आली की शालूला चळ लागलाय. लागू दे. पेटीत पडून ते घोंगडं कुणाला ऊब देत होतं? छातीपासून पोटापर्यंत एक तुकडा बेतला, दोन गुडघ्यांना दोन, आणि टोचू नये म्हणून आतून माझ्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. जर्किन तिला उलटं घालायला लावलं, चेन पाठीकडं. पहाटे अंगणात मी मागनं चेन ओढून देते, तू बालवाडीत असताना तुझी बटणं लावायची तशी. ती हसते. त्या वेळेला तिचं हसू बघायला तू इथं पाहिजे होतास.

सगळं पहिल्या झटक्यात जमलं असं समजू नकोस. हातांसाठी मी जुन्या वाकळेच्या दोन पिशव्या शिवल्या, वरनं खताच्या पोत्यातला प्लॅस्टिक कागद, आणि मोटारसायकलच्या मुठींवर चांगल्या आवळून बांधल्या. लय खूश होते मी. संयोगिता ओढ्यापर्यंत गेली आणि मोटारसायकल ओढेचना. उतरून बघते तर वाकळ ब्रेकच्या दांडीला दाबून बसलेली, सासूबाईंनी ब्रेक लावूनच सुनेला पाठवलेलं. संध्याकाळी येऊन तिनं हे इतकं रंगवून सांगितलं की बनुबाईनं आठवडाभर माझी टर उडवली. मग मी स्वतः अंगणात मोटारसायकलवर बसले. व्हय, तुझी आई बसली. मुठी धरल्या, ब्रेक दाबून बघितला, हात झटक्यात बाहेर निघतो का ते बघितलं आणि पिशव्या परत उसवून रुंद शिवल्या. आता रोज संध्याकाळी चहा घेताना माझी चौकशी असते, आज वारं कुठनं शिरलं? ती सांगते, मी सुई घेते. पायांना दोन मोज्यांच्या मधी प्लॅस्टिकची पिशवी, मानेला माझी लोकरीची पट्टी. परवा तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, आत्या, आज कुठनंच न्हाई शिरलं. मला जो आनंद झाला तो कुणाला सांगू असं झालं. तिच्या एसटीचे ड्रायव्हर आहेत ना, गुंडा नावाचे, त्यांनीही गुडघ्यांसाठी तसलेच तुकडे मागितलेत. उरलेलं घोंगडं आता त्यांच्या गुडघ्यांवर जाणार.

आणि एक गोष्ट मी तुम्हा दोघांना न सांगता केली. माधवनगरला थोरल्या बहिणीकडं, आक्काताईकडं जायचं म्हणून दूधवाल्याच्या टेम्पोतनं विट्याला गेले आणि सहाच्या सांगली गाडीत जाऊन बसले. तिला पत्ता नव्हता. ती चढली ती खाकी कपड्यात, केस घट्ट बांधलेले, हातात तिकिटाचं मशीन. मला बघून क्षणभर थबकली आणि मग सरळ विचारलं, कुठं जायचंय मावशी? मी म्हटलं, माधवनगर. तिनं बायकांचं अर्धं तिकीट माझ्या हातावर ठेवलं आणि पुढं गेली. सासू म्हणून एक शब्द जास्त न्हाई. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तासगावला एक गडी पिऊन चढला. सकाळच्या पारी पिणारे पण असतात बघ. दारातच उभा राहून बडबड करायला लागला, बाई माणसानं आम्हाला सांगू नये असं काहीतरी. तिनं आवाज चढवला न्हाई, हात उगारला न्हाई. नुसती डबल बेल मारायची थांबली. एसटी जाग्यावर उभी. ती म्हणाली, हे आत बसल्याशिवाय गाडी हलणार न्हाई, माझं काही अडलेलं न्हाई. मग काय, कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे त्याच्यावर तुटून पडले. गुमान जाऊन मागं बसला. एक म्हातारा गारठून थरथरत होता, त्याच्या खिडकीची काच अडकलेली. तिनं ती चपलेनं ठोकून बंद केली आणि आपली लोकरीची पट्टी त्याच्या गळ्यात घातली. माझ्या शेजारी सांगलीच्या एक चंदनाबाई बसल्या होत्या, हळदीच्या व्यापारातलं घर त्यांचं. म्हणाल्या, ही पोरगी असली की आम्ही निर्धास्त असतो, कुणाची हो ही? मी म्हटलं, माझी. सून म्हणायचं सुचलंच न्हाई.

तू म्हणशील, आई, थंडी किती वाईट असते ते मला विचार. विचारते की. तू लडाखला पहिल्यांदा गेलास तेव्हा टीव्हीवर बर्फ दिसला की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तुझे चुलते म्हणाले, पोराला सांग बदली मागून घे. आक्काताई म्हणाली, एकुलता एक आहे, परत बोलव. मी बोलवलं का? एकदा तरी? मी तुला मफलर विणून पाठवला आणि गावात मान ताठ ठेवून फिरले. बर्फातला तुझा फोटो आला की तो फिरवून फिरवून दाखवते, अजून दाखवते. आता तुझ्या थंडीचं कौतुक आणि तिनं थंडीत बाहेर पडायचं म्हटलं की घरी बस, हे कुठलं रं? तिच्याही मागं माणसं आहेत. ती गेली न्हाई तर तासगावच्या कॉलेजला पोरं पोचत न्हाईत, सांगलीच्या दवाखान्यात नंबर लावलेली म्हातारी माणसं पोचत न्हाईत. तुझा मला अभिमान आहे, तेवढाच तिचा आहे, तसूभर कमी न्हाई. राग आला तर येऊ दे.

आता हे आजच का लिहायला घेतलं ते सांगते. काल संध्याकाळी संयोगितानं मोटारसायकल धुतली, पुसली आणि चावी माझ्या हातात आणून दिली. रडली न्हाई. म्हणाली, आत्या, मला थंडीची भीती न्हाई आणि लोकांची पण न्हाई. पण पहाऱ्यावर उभं असताना त्यांच्या डोक्यात माझी काळजी असली आणि तेवढ्यात काही कमीजास्त झालं तर मी काय करू? त्यापेक्षा मी घरी बसते. धैर्या, ती तुझा हुकूम मानत न्हाई रं, तुझ्या जिवाला भिऊन थांबलीय. मी सांगून दमले, माझ्या सांगण्यानं ती जाणार न्हाई. आज तिची सुट्टी आहे. उद्या दुपारी उदयसिंह मोटारसायकल न्यायला येतोय, पण त्याच्या आधी उद्याची पहाट आहे. तेव्हा आज रात्री फोन लागला तर मला करू नकोस, तिला कर. माफी मागू नकोस, काळजी घे म्हणून लांबण लावू नकोस, काळजी घ्यायला इथं मी आहे. तू तिकडं निश्चिंत आहेस हे तिला तुझ्या आवाजात कळलं पाहिजे. एवढंच म्हण, नीघ, लोक थांबलेत.

तुझीच, आणि तिचीही,
आई