तुझ्या दादाचं डावं पाऊल

ता. ९ जानेवारी

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीचे दुधाचे दात पडायला लागले म्हणे! आता बोबडं बोलून घर डोक्यावर घेत असेल. मी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्या धंद्यात ते चालायचंच.

काम भरपूर आहे. मी लोकांच्या चपला वाजवून पोट भरते, असं सासूबाईंना अजून वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. चित्रीकरणात पावलांचा आवाज नीट येत नाही. मग मी स्टुडिओत पडद्याकडे बघत, तसलेच जोडे घालून, कधी फरशीवर, कधी वाळूवर ते चालणं पुन्हा चालते. बाई असो की बुवा, पाय माझेच.

या वेळी वाट्याला आलाय तुझा दादा, माझा एकेकाळचा नवरा. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पडदा उजळला आणि समोर तो, शिक्षकाच्या वेशात, शाळेच्या व्हरांड्यातून येताना. ध्वनिमुद्रक बिचारा म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

"अरे, संसार केलाय त्याच्याशी. डोळे मिटून चालेन."

आणि तिथेच फसले. पुन्हा पुन्हा चुकत गेले. माझी पावलं बरोबर होती गं, पण ती माझ्या आठवणीतल्या नवऱ्याची होती. पडद्यावरचा वेगळा चालतो. उजवा पाय पूर्वीसारखाच; डाव्याची टाच टेकते न टेकते तोच पंजा फटकन खाली आपटतो. जिना चढताना बोटं पायरीला अडकतात.

दिग्दर्शकाला विचारलं, तर तो खूश. "कमाल आहे ना? मी सांगितलंही नव्हतं. भूमिकेत शिरलाय माणूस!"

मीही तेवढ्यावर सोडलं असतं. पण एका दृश्यानंतर कॅमेरा चुकून चालूच राहिलाय. त्यात तो शिक्षक नाही, नुसता तो आहे. कुणाशी तरी हसत पाण्याची बाटली घ्यायला चाललाय, आणि पाय तसाच आपटतोय.

फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, परत ये म्हणून रडत बसशील, म्हणून स्टुडिओच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र पाठवते. तुझ्या दादाला मी काही सांगितलं, तर म्हणेल, "आता माझ्या चालण्यातही खोट काढायला लागलीस?" तुझं ऐकेल. कान धरून डॉक्टरकडे ने. माझं नाव घेऊ नकोस, आणि उद्यावर टाकू नकोस.

तुझीच

---

ता. २ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

ही चिठ्ठी नर्सकडे ठेवतेय. तू औषधं घेऊन आलीस की मिळेल.

परवा तुझ्या फोनवर मला धड बोलता आलं नाही. मणक्यात नस दबली होती, आणखी उशीर झाला असता तर पाऊल कायमचं लुळं पडलं असतं, असं तू म्हणालीस आणि मी तिथेच स्टुडिओतल्या वाळूत बसले. शस्त्रक्रिया नीट झाली हे पुढचं ऐकायलाही मला वेळ लागला.

आज नुसती दारातून बघून जाणार होते. पण नर्सने "कोण हवंय?" असं मोठ्याने विचारलं आणि पंचाईत झाली.

फार वाळलाय गं. आम्ही आधी हवापाण्याचं बोललो. मग म्हणाला, "चिमणीला माझा पाय कधीपासून दिसायला लागला? तूच सांगितलंस ना?"

मी त्याची चादर नीट करायला लागले.

"सिनेमात कसा चालतोय मी?"

"छान. पाय माझे आहेत."

हसला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. झोपला असेल म्हणून मी उठले, तर पाठमोराच म्हणाला, "उद्या मला उभं करणार आहेत. भीती वाटतेय गं."

चिमणे, एवढ्या संसारात हे एक वाक्य त्याने मला कधी ऐकवलं नाही. मी दार आपटायचे, तो घराबाहेर पडायचा. ऐकवलं असतं तर... जाऊ दे.

परत नांदायला येतेय असं कुणी समजू नये, विशेषतः सासूबाईंनी. स्टुडिओतून सुट्टी घेतली आहे, एवढंच. उद्या तू घरी थांब, लेकीजवळ. त्याला उभं करतील तेव्हा डाव्या बाजूला मी असेन.

तुझी
वहिनी