दोन बोटं वारा

रविवार, ता. ४
आले एकदाची लेकाकडे राहायला. मला अक्षरं येत नाहीत, म्हणून मी बोलणार आणि सूनबाई लिहिणार. एक शब्द गाळायचा नाही, असं बजावलंय तिला. बघा, हेही लिहिलं! घराला लागूनच लेकाची पत्र्याची शेड. तिथे तो लहान विमानांना इंजिनं बसवतो. लोकांची पोरं घरं बांधतात, माझ्या पोटी हा निघाला.

मंगळवार, ता. ६
शेडमध्ये दोन विमानं नाकं उघडी टाकून बसलीत. या इंजिनांना पाणी नसतं, ती वाऱ्यावर गार होतात, असं लेक म्हणाला. चुलीला पेटायला वारा लागतो, याला न पेटायला! आणि हाच शहाणा इंजिनाभोवती पत्र्याच्या भिंती उभारून त्यांच्या काठाला रबराच्या पट्ट्या लावत होता, कुठे फट राहू नये म्हणून. वारा हवा आणि फटी बुजवा. अगदी बापावर गेलाय.
चहाला वैमानिक आला. मिशाळ, हसरा, मला मावशी म्हणतो. कपावर तीनदा फुंकल्याशिवाय घोट घेत नाही. म्हटलं, एवढा दम आहे तर तुला इंजिन कशाला रे बाबा?

बुधवार, ता. ७
सगळे जेवत होते तेव्हा शेडमध्ये जाऊन एक शहाणपण करून आले. काय ते सांगणार नाही. सूनबाईचा चेहरा बघण्यासारखा झालाय. जेवून लेकानं दोन्ही विमानांची झाकणं लावून टाकली.

शनिवार, ता. १०
मिशाळ पहिलं विमान घेऊन वर गेला. धावपट्टीच्या पलीकडे इंजिन बंद पडलं.
गेला तो. पुढे नको लिहूस.

सोमवार, ता. १२
चौकशीचे साहेब आले. मागचा सिलिंडर जळाला, म्हणाले. लेक त्यांना समजावत होता, मी दाराआडून ऐकलं. वारा आळशी असतो, म्हणे. भिंती घालून त्याला सिलिंडरवरूनच जायला लावायचं. कुठे दोन बोटं फट सापडली की तो तिथून पळतो आणि मागचा सिलिंडर उपाशी राहतो. फट नव्हती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण रबर जळून गेलेलं. साहेब म्हणाले, चूक तुमचीच. मोडकं इंजिन शेडमध्ये ठेवून कुलूप घातलं.
मी दाराआडूनच मागे फिरले.

शुक्रवार, ता. १६
भरदुपारी शेडच्या पत्र्याला कान लावला. आत कुणीतरी फुंकत होतं. तीनदा. मग थांबून परत तीनदा.

रविवार, ता. १८
खिडकीच्या गजांतून हात घातला. मोडकं इंजिन तिथेच टेकवलंय. आठ दिवस झाले, मागचा सिलिंडर अजून तापलेला. दोन बोटांना फोड. सूनबाई, तुला तवा म्हणाले होते ना— तवा नव्हता.

मंगळवार, ता. २०
कुलूप निघालं. लेक म्हणतो, माझ्या कामात खोट नाही, उद्या सकाळी दुसरं विमान मीच उडवून दाखवतो. सांगायला गेले. त्यानं आई म्हणून हाक मारली, बसायला खुर्ची ओढली, फोडांवर मलम लावलं— न सांगताच परत आले.

बुधवार, ता. २१
लिही, पटपट लिही. त्या दिवशी शेडमध्ये कात्री घेऊन गेले होते. बिचाऱ्या इंजिनाला वारा लागावा म्हणून मागच्या रबरात खिडकी कापली. दोन बोटांची. दोन्ही विमानांत— दोन्ही, गं—
लेक चहा न घेताच गेला. कप इथेच आहे. बघ, वाफ हलतेय. खिडकी तर बंद— कोण फुंकतंय? एकदा— दोनदा—
तिकडे इंजिन सुरू झालं. अगं, लिहीत काय बसलीस, टाक ते पेन, धाव, त्याला सां—