पुतळाबाईची थरथर

टेमघर, भिवंडी
२१ मे २०२४

ती. सौ. कमळताईस,
बाळारामचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र काल मिळाले. होडीला गिअर टाकला की ती थरथरते, बंदरावरच्या मेकॅनिकने गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितले, आणि दाजींनी जुन्या होड्या तोडणाऱ्या व्यापाऱ्याला नारळी पौर्णिमेला होडी द्यायचे कबूलही केले! सव्वीस वर्षांपूर्वी जिला स्वतःच्या आईचे नाव दिले, त्या पुतळाबाईसाठी माणसाने दुसरे मत तरी घ्यावे. मी नववी नापास असेन, पण लूम, जनरेटर आणि कोन गावच्या खाडीतली होड्यांची इंजिने, यांपैकी कुणी मला अजून फसवलेले नाही.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितो. बरेच आहे, लिहिले की चुकत नाही. पावसाळ्यासाठी होडी वर ओढण्याआधी, ती धक्क्याला बांधलेली असताना, दाजींना इंजिन चालवायला सांग. आधी गिअर न टाकता, मग टाकून. दोन्ही वेळा तळहात दोन जागी ठेव: एकदा गिअरबॉक्सच्या अंगावर, एकदा मागे, जिथे होडीचा पंखा फिरवणारा शाफ्ट नळीतून बाहेर पाण्यात जातो तिथल्या लाकडावर. पदर खोचून घे. फिरत्या शाफ्टजवळ बोटसुद्धा नेऊ नकोस. सोबत लूमवरच्या कोऱ्या कापडाचा तुकडा ठेवला आहे, त्याला गिअरबॉक्सचे तेल लावून परत पाठव.

बाबांच्या लूमच्या खडखडाटात आपण वाढलो. धागा तुटला की तुझ्या हाताला आधी कळायचे. कान गेले, हात कुठे गेलाय?

दाजींना नमस्कार सांग, जरा रागातला.
तुझा,
बाळाराम


करंजा
२९ मे २०२४

चि. बाळारामास,
कमळताईचे पोटभर आशीर्वाद.

तू लिहिलेस तसेच केले, पदरासकट. गिअर न टाकता इंजिन कितीही पळवले तरी हाताला नुसती गुरगुर, मांडीवर मांजर बसल्यासारखी. गिअर टाकला, तरी गिअरबॉक्स शहाणा. मागच्या लाकडावर हात ठेवला आन कोपरापर्यंत मुंग्या! यांना म्हटले की दुखणे मागे हाय, पुढे न्हाय. तर हे हसले. बहिरी बाई इंजिनाची डाक्तर झाली म्हणाले. धक्क्यावरचे सगळे हसले. ऐकू येत न्हाय, पण तोंडे दिसतात रे.

कापड पाठवते. पोस्टातली मुलगी विचारत होती, पाकिटात भजी हायत काय.

व्यापारी येऊन होडी बघून गेला. जाताना फळीवर खडूने फुली मारली. मी ती ओल्या फडक्याने पुसली. होडी गेली तर हे दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार, साठाव्या वर्षी. तेवढे होऊ देऊ नकोस.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई


टेमघर, भिवंडी
१६ जुलै २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काम तुझ्यासमोरच झाले, तरी लिहून ठेवतो. कागद असावा.

कापडावरचे तेल मधासारखे होते. जळका वास नाही, धातूची चमक नाही. गिअरबॉक्स निर्दोष, हे मी टेमघरला बसूनच ठरवले होते. करंजाला येऊन पंख्याजवळ शाफ्ट हाताने उचलला, तर तो तांदळाच्या दाण्याएवढा हलला. नळीत शाफ्टला धरून ठेवणारा रबरी बुश झिजलेला, आणि तोही एकाच बाजूने. सगळीकडून सारखा झिजला असता तर वयाने झिजला म्हटले असते. एका बाजूने झिजला म्हणजे शाफ्ट वाकडा दाबला जात होता: इंजिन जागेवरून सरकून खाली बसले होते. नवा बुश घातला, इंजिन सरळ केले आणि गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन चकत्यांत, फट मोजायच्या फिलर गेजची पाती चारही बाजूंनी घालून पाहिली. तीन थाव! इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीन, म्हणजे शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत.

तू म्हणालीस, पाण्यात गेल्यावर परत बघ. ताई, तीन थाव म्हणजे तीन थाव, जमिनीवर काय नि पाण्यात काय. फिटर कोण आहे?

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.
बाळाराम


करंजा
१३ ऑगस्ट २०२४

चि. बाळारामास,
आशीर्वाद, आणि कानपिचक्या.

शुक्रवारी होडी उतरवली. परत थरथरते. आधीपेक्षा कमी, पण थरथरते. यांनी व्यापाऱ्याला पौर्णिमेला सकाळीच ये म्हणून कळवले.

तू लूमचा माणूस. लूम फरशीला बोल्ट मारून बसवलीस की जन्मभर तिथेच. होडी दोन महिने टेकूवर कोरडी पडली की आक्रसते, वाकते. पाण्यात गेली की लाकूड पाणी पिते, फुगते, अंग सोडते. तू मोजलीस ती दुसरीच बाई होती! सासूबाई सांगायच्या, उतरवलेल्या होडीला आठ दिवस काही बोलू नये. शनिवारी आठ दिवस भरतात. तेव्हा ये. गेज घेऊन ये, तोंड घरी ठेवून ये.

तुझी ताई


टेमघर, भिवंडी
२१ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार. या वेळी पूर्ण लिहिला.

तीन थाव ठेवले होते तिथे, पाण्यात कपलिंग उघडल्यावर, खालच्या बाजूला अकरा निघाले. तीस वर्षांत माझे माप खोटे पडले नव्हते. तेव्हाही माप खरेच होते, घेतले चुकीच्या वेळी. इंजिनाच्या मागच्या पायांखाली पितळी पत्र्याचे तुकडे घालून परत तीनवर आणले आणि थरथर थांबली, ते तू पाहिलेसच. ही चूक मी वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे, तुझ्या नावासकट.

पण एक गोष्ट तुझ्या कानावर गेली नाही, आणि दाजी ती तुला लिहून देणाऱ्यांतले नाहीत. सोमवारी, पौर्णिमेच्या सकाळी, इंजिन चालू असताना तू मागे ओणवी होतीस, लाकडावर तळहात ठेवून, पाठ आमच्याकडे. तेव्हा व्यापारी आला. दाजींनी त्याला सांगितले की होडी द्यायची न्हाय. तो म्हणाला की मेकॅनिक तर गिअरबॉक्स गेला म्हणत होता. त्यावर दाजी सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असे म्हणाले की त्या मेकॅनिकला काय कळते, आमच्या घरात मिस्त्री हाय. दुखणे कुठे हाय ते मे महिन्यातच सांगितले होते, हसलो तो मीच येडा.

मला वाटले, आता माझ्याकडे बोट दाखवणार. मी शर्टाची कॉलरही नीट केली.

त्यांनी बोट दाखवले तुझ्याकडे.

तुझा धाकटा, आणि या कामात तुझा हेल्पर,
बाळाराम